तात्पुरतं म्हणून ठीक, पण आयुष्यभर नको: अशी कुठली कामं केलीत तुम्ही?

मधलं_वर्ष

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, वेळ असेल तर नीट वाचून सांगा.

पदवी झाली, पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा द्यायची आहे पण तिला अजून बराच अवकाश आहे आणि मधल्या काळात हाताला काम पाहिजे. पैसे लागणार आहेत हे पहिलं कारण आणि नुसतं घरी बसून अभ्यास होत नाही हे दुसरं. सध्या तीन ठिकाणी होकार मिळण्यासारखा आहे. एक कॉल सेंटर, रात्रपाळी, पगार सगळ्यात जास्त. दुसरं ऑनलाइन ऑर्डरच्या गोदामात पिकिंग-पॅकिंग, एजन्सीमार्फत. तिसरं एका ऑफिस बिल्डिंगमध्ये सिक्युरिटी रूमला सीसीटीव्हीसमोर बसायचं, पगार सगळ्यात कमी पण सगळे म्हणतात की बसून अभ्यास करता येईल.

यातलं एकही काम मला कायमचं करायचं नाही हे पक्कं आहे. ही कामं करणाऱ्यांबद्दल आदरच आहे, त्यामुळे कुठलं काम हलकं आणि कुठलं भारी असं मला विचारायचं नाहीये. तुम्ही अशी कामं केली असतील तर ती कायमची का नको वाटली ते नेमकं सांगा. आणि अडकायला कसं होतं तेही सांगा, कारण माझ्या ओळखीतले बरेच जण थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले आणि तिथेच राहिले, आणि त्यांना विचारलं तर त्यांनाही नीट सांगता येत नाही की हे कधी झालं.

---

हेडसेट_काढला

मी कॉल सेंटरला होते, इनबाउंडला, म्हणजे जिथे लोक आधीच चिडून फोन करतात. तुझा पहिला पर्याय आहे म्हणून सविस्तर लिहिते.

एक फोन संपला की लगेच पुढचा का येतो हे मला सुरुवातीला कळायचं नाही, वाटायचं माणसं कमी भरलीत. मग प्लॅनिंगच्या एका मुलाने समजावलं. एर्लांग नावाचा एक डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, त्याने १९१७ मध्ये फोन किती वेळ रांगेत थांबतील याचं गणित मांडलं आणि कुठल्या तासाला किती एजंट बसवायचे हे आजही बऱ्याच ठिकाणी त्याच्या सूत्राने काढतात. त्या गणितात असं निघतं की टीम छोटी असेल तर प्रत्येकाला थोडा मोकळा वेळ ठेवावाच लागतो नाहीतर रांग लागते, पण फ्लोअर मोठा असला की गिऱ्हाईकाला तेवढंच थांबवून प्रत्येक एजंटला जास्त वेळ बिझी ठेवता येतं. म्हणजे जिथे शेकडो लोक बसतात तिथे दोन फोनच्या मध्ये पाण्याचा घोट घ्यायलाही फट मिळत नाही, आणि यात कुणाचा दुष्टपणा नसतो, आकडाच तसा काढलेला असतो. तर इंटरव्ह्यूला विचार की फ्लोअरवर किती जण आहेत आणि ऑक्युपन्सी, म्हणजे एजंटचा किती टक्के वेळ फोनच्या कामातच जातो, ती किती धरतात. नव्वद टक्क्यांच्या वर सांगितलं तर समजून जा.

दुसरं म्हणजे आवाज. समोरचा काहीही बोलला तरी आपला सूर गोड ठेवायचा आणि तो सूर रेकॉर्ड होतो, क्वालिटीवाले ऐकून त्याला मार्क देतात. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये याला इमोशनल लेबर हे नाव दिलं, त्यांनी एअर होस्टेस आणि थकबाकी वसूल करणारे असे दोन्हीकडचे लोक अभ्यासले होते, एकांना कायम हसरं राहायचे पैसे मिळतात आणि दुसऱ्यांना कडक राहायचे. मला हे पटतं कारण घरी आल्यावर मला कुणाशी बोलावंसंच वाटायचं नाही, आई काही विचारायची तरी माझ्या तोंडून स्क्रिप्टमधली वाक्यं निघायची. कायमचं नको वाटलं ते यामुळे, फोनचा कंटाळा आला म्हणून नाही.

रात्रपाळीबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी जी संस्था आहे तिने २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. घाबरू नकोस, ते वर्षानुवर्षं रात्री काम करणाऱ्यांबद्दल आहे, थोड्या महिन्यांनी काही होईल असं मी म्हणत नाहीये. तुझ्यासाठी खरा प्रश्न अभ्यासाचा आहे. दिवसाची झोप रात्रीपेक्षा कमी आणि तुटक होते आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोपच लागते, म्हणजे पगार वाढीव मिळतो पण तो साधारण तुझ्या परीक्षेच्या मार्कांमधूनच वजा होतो. आणि शिफ्ट फिरती असेल तर ती कुठल्या दिशेने फिरते ते बघ, सकाळ मग दुपार मग रात्र असं पुढे पुढे सरकलं तर शरीराला सोपं जातं कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. उलटी फिरणारी शिफ्ट घेऊच नकोस.

---

स्कॅनर_बीप

गोदामाचं मी सांगतो. पिकिंगला होतो, सीझनला भरती झाली त्यात लागलो.

काम असं की हातात स्कॅनर, तो सांगेल त्या रॅकला जायचं, सांगेल ती वस्तू उचलायची, बीप करायची, क्रेटमध्ये टाकायची, पुढची. ताशी किती बीप याचा आकडा असतो आणि तो सुपरवायझरला लाइव्ह दिसतो. पिकरचा जवळपास अर्धा वेळ नुसता चालण्यात जातो असं गोदामाची आखणी करणारेच धरतात, म्हणून पहिला खर्च बुटांवर कर. काँक्रीटच्या फरशीवर दिवसभर चाललं की पाय सुजतात, बूट अर्धा नंबर मोठा घे आणि संध्याकाळी जाऊन घे, सकाळी घेतलेला दुपारनंतर चावतो.

उचलण्याचं एक माहीत असू दे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं एक सूत्र आहे, निऑश म्हणतात त्या संस्थेला, त्यात सगळं अगदी आदर्श असेल म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या आसपास उंचीवर, न वळता, तर २३ किलोची मर्यादा धरतात. हात लांब करून उचललं, जमिनीवरून उचललं, कंबर वळवली की तीच मर्यादा भराभर खाली येते. म्हणजे खोक्यावर बारा किलो लिहिलंय म्हणून ते हलकं असं नाही, ते खालच्या रॅकच्या आतल्या कोपऱ्यातून ओढायचं असेल तर तेच जड. माझ्याबरोबरच्या पोरांच्या कमरा अशाच गेल्या, मोठ्या खोक्यांनी नाही. मोठं खोकं दिसलं की माणूस सावध होतो ना.

कायमचं का नको? कारण तिथे पहिल्या आठवड्यात जे येतं तेच तिसऱ्या वर्षी येतं. काम मुद्दाम इतकं बारीक तुकड्यांत कापलेलं असतं की कुणीही आला तरी लगेच शिकेल, त्यामुळे तू गेलास तरी कुणाचं अडत नाही आणि तू राहिलास तरी तुझी किंमत वाढत नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण दिलं ते सगळ्यांना माहीत असतं, दहा माणसं मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या. पण त्याच माणसाने पुढे हेही लिहिलंय की ज्याचं सगळं आयुष्य अशा दोनचार सोप्या क्रिया करण्यात जातं त्याची बुद्धी वापराविना मंद होत जाते, ते मात्र कुणी सांगत नाही. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं कारण आमच्या शिफ्टमधले काही जण खरंच हुशार होते, हिशोब तोंडी करायचे, आणि त्या हुशारीला तिथे काही कामच नव्हतं.

पण चांगलंही सांगतो. डोकं मोकळं राहतं. मी चालता चालता पाठांतर करायचो, शिफ्ट संपली की काम तिथेच राहायचं, घरी एकही विचार यायचा नाही. हेडसेटवाल्या ताईंनी लिहिलंय ते वाचून वाटलं की शरीराचा थकवा झोपेने जातो, त्यांचा तो जात नाही.

---

गेट_क्रमांक_दोन

सीसीटीव्हीसमोर बसून अभ्यास होतो हे ज्यांनी सांगितलं त्यांनी ते काम केलेलं नाही.

नियमाने बघितलं तर पुस्तक आणायला परवानगीच नसते बऱ्याच ठिकाणी, पण ती असली तरी होत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्या लोकांच्या नजरेतून पाणबुड्या सुटायच्या म्हणून नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले, त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये आले. एका घड्याळासारख्या चकतीवर काटा टिकटिक पुढे जायचा आणि मधूनच एकदा दुप्पट उडी मारायचा, ती उडी पकडायची. लोकांचं लक्ष पहिल्या अर्ध्या तासातच घसरायला लागलं. चांगले निवडलेले, शिकवलेले लोक होते ते. आणि आपण बारा बारा तास सोळा चौकोन बघत बसतो. काही होत नाही आणि तरी काहीतरी होईल म्हणून लक्ष ठेवायचं, हे जे आहे ना ते मेंदूला आराम देत नाही, दमवतं. शिफ्टनंतर मला एक पान वाचवायचं नाही.

आणि अभ्यास करताना एखादी गोष्ट सुटली तर जबाबदार तूच. फुटेज नंतर बघतात आणि त्यात पुस्तकात डोकं घातलेला तू पण दिसतोस.

घ्यायचंच असेल तर स्क्रीनचं नको, रिसेप्शन किंवा गेटच्या नोंदवहीचं घे. लोक येतात जातात, दोन शब्द होतात, वेळ सरकतो. आणि आठ तासाचंच घे, बारा तासाचं घेतलंस तर येणं-जाणं धरून दिवस संपला.

---

मधलं_वर्ष

सगळ्यांचे खूप आभार, इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. सीसीटीव्हीचं माझ्या मनात जवळजवळ ठरलं होतं ते आता डळमळलं. अडकण्याबद्दल पण कुणीतरी लिहा ना प्लीज, मला सगळ्यात जास्त भीती त्याची आहे.

---

शिकवणारी_बाई

मी थोडं वेगळ्या बाजूने लिहिते. तुम्ही ज्याला तात्पुरतं म्हणताय ते माझं कायमचं काम आहे, पार्सल सॉर्टिंगला बरीच वर्षं आहे, लाइन लीडर आहे. वाईट वाटून लिहीत नाहीये, तू प्रश्न फार नीट विचारलास म्हणून लिहितेय.

दर सीझनला नवी मुलं येतात. त्यांना लेबल कसं वाचायचं, बेल्टजवळ ओढणी किंवा सैल बाही का नको, जॅम झाला तर आधी इमर्जन्सी स्टॉप दाबायचा आणि मगच हात घालायचा हे सगळं आम्ही शिकवतो, आमचं टार्गेट सांभाळून, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ती शिकतात आणि निघून जातात. त्याचं काही नाही, जाणारच. पण एक गोष्ट बघा. जो माणूस मनात म्हणतो की मी काय इथे थोडेच दिवस आहे, तो काही मागत नाही. पंखा बंद आहे, चालेल, थोडेच दिवस. ब्रेक कापला, चालेल. ओव्हरटाइमचा हिशोब चुकला, कोण भांडणार, थोडेच दिवस. प्रत्येक बॅच असंच म्हणून जाते आणि आमच्या डोक्यावरचा पंखा बंदच राहतो. हे काम कायमचं करावंसं का वाटत नाही असं विचारताय ना, त्यातला निम्मा भाग कामाचा स्वभाव आहे, तो मान्य आहे. उरलेला निम्मा हा असा साठत गेलेला आहे आणि तो बदलता येण्यासारखा आहे.

म्हणून जिथे जाशील तिथे तात्पुरता असलास तरी तक्रार नोंदव, लेखी नोंदव. तुला तर भीती कमी आहे, तू जाणारच आहेस, आम्हाला नोकरी जपायची असते. तात्पुरत्या माणसाच्या हातात ही एक ताकद असते आणि ती कुणी वापरत नाही.

आता अडकण्याचं. मी जे बघितलंय त्यात कुणी एका दिवशी ठरवून अडकत नाही. पहिला पगार येतो, त्यावर काहीतरी हप्त्याने घेतलं जातं, फोन म्हणा गाडी म्हणा. मग हप्ता संपेपर्यंत थांबू असं होतं. तो संपता संपता लीडची जागा निघते, पगारात थोडीशी वाढ, आणि ती नाकारली तर आपणच वेडे असं सगळे म्हणतात. तोवर परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून गेलेली असते. म्हणून हप्त्याने काही घेऊ नकोस, हे पहिलं. आणि परीक्षेचा फॉर्म, फी, जे काय आहे ते पहिल्या पगारातूनच भरून टाक, शेवटच्या पगारासाठी ठेवू नकोस.

माझ्याबद्दल म्हणशील तर मी अडकले नाही, मी राहिले. मला माणसं सांभाळायला आवडतात आणि इथे ते करायला मिळतं. दोन्हीत फरक आहे आणि तो बाहेरून दिसत नाही.

---

स्कॅनर_बीप

ताई, ते शिकवण्याचं खरं आहे, मला ज्यांनी शिकवलं त्यांच्या टार्गेटचा मी कधी विचारच केला नव्हता.

---

रात्री_वाचतो

एवढं टेन्शन घेऊ नका, आइन्स्टाइनसुद्धा पेटंट ऑफिसात कारकुनीच करत होता आणि तिथेच बसून सापेक्षता काढली. काम कुठलंही असो, करणारा करतोच.

---

हेडसेट_काढला

हे उदाहरण प्रत्येक वेळी येतं म्हणून जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तो १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात तात्पुरत्या नेमणुकीवर लागला, १९०४ मध्ये कायम झाला, १९०६ मध्ये बढती मिळाली आणि १९०९ पर्यंत तिथे होता. म्हणजे पगार ठरलेला, दिवसपाळी, आणि काम काय तर लोकांनी आणलेल्या यंत्रांच्या कल्पना वाचून त्यात काही दम आहे का ते तपासायचं. ज्या डोक्याला पुढे जे करायचं होतं त्याचाच रोज व्यायाम. कॉल सेंटरच्या रात्रपाळीला हे लावलं तर ज्या मुलांचं तिथे जमत नाही त्यांना वाटतं की कमतरता आपल्यातच आहे, आणि तसं मी प्रत्यक्ष बघितलंय, म्हणून मला ते वाक्य सहन होत नाही. माणूस तोच असला तरी काम त्याच्यापाशी संध्याकाळी किती शिल्लक ठेवतं यावर पुढचं बरंच काही ठरतं.

---

रात्री_वाचतो

कबूल. तारखा माहीत नव्हत्या.

---

कागदपत्रं_आधी

मी भरतीच्या बाजूला काम केलंय, दोनच गोष्टी.

एजन्सीने नोंदणी फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्म डिपॉझिट असं काहीही मागितलं तर उठून निघ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार आहे, त्यात खासगी एजन्सीने कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने फी घ्यायची नाही असं मूळ तत्त्व आहे. काही अपवादांना वाव आहे आणि सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण साधा हिशोब लक्षात ठेव की चांगली एजन्सी कंपनीकडून पैसे घेते कारण माणूस कंपनीला हवा असतो.

आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत खिशात. परीक्षेच्या वेळी मूळ गुणपत्रिका लागणार आणि ती एजन्सीच्या कपाटात, असं झालेली मुलं मी बघितलीत. नोटीस पिरियड किती, न देता सोडलं तर किती कापणार, हे लेखी घे. पेरोल कुणाचा हे पण विचार, कंपनीचा की एजन्सीचा, कारण पगार अडकला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

---

मधलं_वर्ष

अपडेट देतो. कॉल सेंटरवाल्यांना विचारलं, फ्लोअर मोठा आहे आणि शिफ्ट फिरती आहे, कुठल्या दिशेने फिरते ते त्यांना सांगता आलं नाही, तर ते रद्द. सीसीटीव्हीचं बारा तासांचंच होतं, तेही रद्द. गोदामाच्या एजन्सीत जाऊन बसलो आणि नीट विचारल्यावर कळलं की सकाळची अर्धी शिफ्ट पण असते, ती ते स्वतःहून सांगत नाहीत. पैसे कमी पडतील पण दुपारनंतर माझा वेळ माझा राहील आणि तेवढ्यात परीक्षेची फी निघते असा हिशोब बसला. एजन्सीवाले फी घेत नाहीत, झेरॉक्सवर काम झालं. पुढच्या आठवड्यापासून आहे, फॉर्मवर विभाग कुठला पाहिजे असा रकाना आहे, पिकिंग लिहू का दुसरं काही?

---

स्कॅनर_बीप

पिकिंग नको लिहूस. रिटर्न्स लिही. परत आलेला माल उघडून बघायचा, चांगला की खराब ते ठरवायचं आणि नोंद करायची, एका टेबलाशी उभं राहून. चालणं जवळजवळ नाही आणि थोडं डोकंही लागतं. तिथे जागा कमी असतात म्हणून पहिल्याच दिवशी माग, आणि नाही दिलं तर इनबाउंड, म्हणजे गोदामात येणारा माल घेण्याचं काम सांग, पण ट्रकमधून माल उतरवायचं देतायत का ते आधी विचार, दिलं तर जोडीला माणूस माग.

---

शिकवणारी_बाई

रिटर्न्सला धूळ फार असते, मास्क त्यांनीच द्यायला हवा. नाही दिला तर लेखी माग.